तगाईचे बैल आणि शरणागतीचा कागद

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती या माओवादी नेत्याने गडचिरोलीत ६० साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. बातम्यांत बंदुकांचा आकडा आला, डोक्यावरच्या बक्षिसांच्या रकमा आल्या, कोण कोणत्या समितीवर होता याचा तपशील आला. एक गोष्ट मात्र बातमीच्या शेपटाला गेली. भूपतीची पत्नी तारक्का हिने त्याच वर्षी १ जानेवारीला, त्याच जिल्ह्यात, त्याच मुख्यमंत्र्यांसमोर शरणागती पत्करली होती. म्हणजे बायको साडेनऊ महिने आधी बाहेर आली आणि नवरा मागून आला. त्यामागे संघटनेतले मतभेद होते, सुरक्षा दलांचा दाब होता, आणि वयही होते. ही कारणे मी नाकारत नाही. पण चाळीसेक वर्षे चाललेली ही लढाई आता संपत आली असताना तिच्या शेवटाचा हिशेब बंदुकांत मांडायचा की घरांत, हा प्रश्न त्या तारखांमधून समोर येतो. माझे म्हणणे असे आहे की हिशेब घरांत मांडायला हवा. किती माणसे शरण आली यापेक्षा किती चुली पुन्हा पेटल्या, कोणाच्या जमिनीवर पेटल्या आणि किती वर्षे पेटत्या राहिल्या, यावरून लढाई संपली की नुसती थांबली हे ठरते. याचा सगळ्यात मोठा पुरावा गडचिरोलीत नाही. तो महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, आजच्या नंदुरबार जिल्ह्यात आहे, आणि तो दोनशे वर्षांचा आहे.

आधी शब्दाचे पाहू. गडचिरोलीतल्या संघर्षाला सरकार कधी गृहयुद्ध म्हणत नाही, आणि कायद्याच्या भाषेत ते बरोबरही असेल. पण आपल्याकडे यादवी हा जुना शब्द आहे, एकाच कुळातल्या माणसांनी एकमेकांना मारण्यासाठीचा. १९९० साली गडचिरोली पोलिसांनी सी-६० हे माओवादविरोधी पथक उभे केले ते मुद्दाम स्थानिक तरुणांतून. जंगल, वाटा आणि माडिया-गोंडी बोली त्यांनाच ठाऊक. माओवाद्यांच्या सशस्त्र तुकड्यांत, म्हणजे दलममध्येही, याच गावांची मुले गेली. एकाच पाड्यावरचा एक चुलतभाऊ खाकीत आणि दुसरा हिरव्या गणवेशात, हे या जिल्ह्यात नवल नव्हते. ‘खबरी’ ठरवून ज्या शेकडो गावकऱ्यांना मारले गेले, त्यातले बहुतेक आदिवासीच होते. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याच्या स्फोटात जे १५ जवान गेले, तेही महाराष्ट्राच्याच मातीतले होते. मारणारा आणि मरणारा एकाच मांडवातले असतील, तर लढाईनंतर दोन्ही घरांना एकाच हातपंपावर पाणी भरायचे असते. परक्या शत्रूशी झालेल्या युद्धात तह झाला की सैन्ये आपापल्या देशी परततात. यादवीत परतायला दुसरा देश नसतो.

आता नंदुरबार ज्यात मोडते त्या खानदेशाकडे वळू. १८०२ साली यशवंतराव होळकर आणि दौलतराव शिंदे-पेशवे यांच्यातली यादवी खानदेशातून पुण्याकडे गेली. २५ ऑक्टोबर १८०२ च्या हडपसरच्या लढाईचे आपण शाळेत वाचतो. पण ती फौज वाटेत ज्या मुलखातून गेली त्या मुलखाचे काय झाले, हे वाचत नाही. जनावरे गेली, पेवांतले धान्य गेले, पेरणी राहिली. १८०३-०४ ला दुष्काळ पडला आणि तापीकाठची गावे ओस पडली. सुलतानपूर हे एके काळी परगण्याचे ठाणे होते. लुटालूट आणि दुष्काळ यांत ते असे उजाड झाले की पुन्हा कधी उभे राहिले नाही. आज ते शहादा तालुक्यातले एक खेडे आहे. नंदुरबारचेही वैभव ओसरले होते. १८१८ मध्ये इंग्रजांनी खानदेश घेतला तेव्हा त्यांच्या हाती आला तो रान माजलेला मुलूख, आणि डोंगरांत टोळ्या करून राहिलेले भिल्ल.

हे भिल्ल डोंगरात का गेले होते, हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. त्यांच्यातले बरेच जण पूर्वी गावचे जागले होते. वाटा-घाटांची राखण करायची आणि त्याबद्दल गावाकडून हक्काचे धान्य घ्यायचे, हा त्यांचा जुना करार. गावच उरले नाही तेव्हा धान्य कोण देणार? मग तेच जागले वाटमारी करू लागले. त्यावर पेशवाईच्या अखेरच्या काळात सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने जे केले त्याची लाज मराठी इतिहासाने पुरेशी बाळगलेली नाही. कोपरगावला बोलणीसाठी बोलावून भिल्लांची कत्तल झाली. चाळीसगाव, धरणगाव, अंतूर इथेही झाली. बायका-मुलेही त्यातून सुटली नाहीत. सरकारने ‘या, बोलू’ म्हटले की डोंगरातल्या घरात काय वाटत असेल, याची कल्पना यावरून करता येते. शब्दावरचा विश्वास मोडला की तो फौजेने जोडता येत नाही. इंग्रजांनाही पहिली सात वर्षे हे उमगले नाही. कॅप्टन ब्रिग्जच्या काळात डोंगरांची नाकेबंदी झाली, टोळ्यांच्या म्होरक्यांना, म्हणजे नाईकांना, पकडून फाशी दिले गेले, शरण येतील त्यांना तनखे दिले गेले. टोळ्या मोडल्या आणि पुन्हा जमल्या. १८२४ पर्यंत परिस्थिती जवळपास होती तिथेच होती.

१८२५ साली धोरण पालटले. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. त्यातली वायव्येची एजन्सी नंदुरबार, सुलतानपूर, पिंपळनेर आणि डांग यांसाठी होती, म्हणजे आजचा नंदुरबार जिल्हा बराचसा तिच्यातच होता. त्याच वर्षी लेफ्टनंट जेम्स औट्रमने धरणगावला खानदेश भिल्ल पलटणीची सुरुवात केली. औट्रमचे नाव निघाले की त्याच्या शिकारीच्या आणि धाडसाच्या गोष्टी सांगितल्या जातात. त्याने काम कसे सुरू केले हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. पकडलेल्या भिल्लांपैकी काहींना त्याने सोडले आणि उरलेल्यांच्या नातलगांना घेऊन या म्हणून डोंगरात परत पाठवले. ते आले तर सगळ्यांनाच सोडतो, असे वचन दिले आणि ते पाळले. त्या नातलगांतून ओळख झाली आणि त्या ओळखीतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पहिले शिपाई मिळाले. डोंगराचे दार उघडले ते नात्याच्या वाटेने. सात वर्षे नाईकाशी सौदा करून जे जमले नव्हते, ते नाईकाच्या घराशी बोलून जमले.

पण पलटणीत मावणार किती? थोडेच. बाकीच्यांसाठी एजन्सीने मागचे गुन्हे माफ केले, पडीक जमीन दिली, आणि बी-बियाणे, अवजारे व बैल यांसाठी तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, दिली. इथे थोडे थांबतो, कारण सगळी मेख या तगाईत आहे. रोख पैसा कमरेला बांधून रातोरात डोंगर चढता येतो. बंदूक खांद्यावर टाकून चढता येतो. बैलजोडी घेऊन सातपुड्याच्या चढणीला लागले तर ती वाटेत अडते, तिला पाणी-वैरण लागते, तिचा माग राहतो. बैल दावणीला बांधले की माणूसही दावणीला बांधला जातो. आणि ज्वारी पेरली की ती चार-पाच महिने माणसाला जागेवरून हलू देत नाही. कोळपणी आहे, पाखरे राखायची आहेत, कणसे भरली की रात्री माचाणावर जागायचे आहे. ही कामे एकट्या पुरुषाची नसतात. बियाणे निवडायला आणि राखेत घालून ठेवायला बाई लागते, गुरांमागे पोर लागते, खळ्यावर सगळे घर लागते. म्हणजे तगाई घेतली ती कागदावर पुरुषाने, आणि पाळली ती अख्ख्या घराने. कुडाच्या भिंतीला शेणामातीचा दुसरा हात बसला की त्या घराला पुढचा पावसाळा दिसू लागतो. ज्याला पुढचा पावसाळा दिसतो त्याला टोळीत ओढणे अवघड असते. तीन वर्षांत, १८२८ मध्ये, खानदेशच्या कलेक्टरने वर कळवले की वीस वर्षांत प्रथमच जिल्ह्याला सलग सहा महिने स्वस्थता लाभली आहे. सहाच महिने, पण वीस वर्षांत प्रथमच.

यावर पहिला आक्षेप तयारच असणार: साम्राज्याच्या बंदोबस्ताचे कौतुक कशाला? इंग्रजांना शांतता हवी होती ती महसुलासाठी. आणि भिल्ल पलटण उभारली ती भिल्लांवरच सोडायला. आक्षेप खरा आहे, आणि तो अर्धवट मान्य करून पुढे सरकण्यासारखा नाही. त्या पलटणीने सातपुड्यात जे केले ते आपल्याच भाऊबंदांविरुद्ध केले, आणि सरकारला हीच सोय हवी होती. पण हेतू वाईट होता एवढ्यावरून त्या अनुभवातून निघणारे सत्य खोटे ठरत नाही. उलट हेतू वाईट असल्यामुळेच ते अधिक स्पष्ट दिसते. सरकारला स्वार्थासाठीसुद्धा, हात पोळल्यावरच का होईना, घराला हात घालावा लागला. दुसऱ्या कशानेही काम झाले नव्हते. आणि जिथे हा घराचा धागा तुटला तिथे काय झाले, त्याचा दाखलाही याच इतिहासात तीस वर्षांनी मिळतो.

तो दाखला खाज्या नाईकाचा. सातपुड्यातल्या सेंधव्याच्या घाटाची राखण हे त्याच्या घराण्याचे काम. वडील गुमानी नाईक याच घाटाचे. खाज्या अनेक वर्षे इंग्रजांच्या नोकरीत होता. एका संशयिताच्या मृत्यूबद्दल त्याला शिक्षा झाली, तो तुरुंगात गेला, सुटून आला तेव्हा घाट आणि घाटावरची पत त्याला पहिल्यासारखी मिळाली नाही. १८५७ च्या बातम्या सातपुड्यात पोहोचल्या तेव्हा त्याच्याकडे गमावण्यासारखे फार काही उरले नव्हते. भीमा नाईक हा दुसरा भिल्ल म्होरक्या त्याला मिळाला. नोव्हेंबर १८५७ मध्ये सेंधव्याच्या घाटात सात लाखांचा सरकारी खजिना लुटला गेला. दिल्ली तर सप्टेंबरमध्येच पडली होती, मार्च १८५८ मध्ये लखनौ पडले, उत्तरेत पारडे फिरले होते. ११ एप्रिल १८५८ ला बडवानीच्या बाजूच्या सातपुड्यात, आंबापाणीला, लढाई झाली. इंग्रजांच्या बाजूने खानदेश भिल्ल पलटणही होती. साठाहून जास्त भिल्ल पडले. पकडलेल्यांपैकी पन्नासाहून जास्त जणांना जागच्या जागी लष्करी न्यायालय बसवून गोळ्या घातल्या गेल्या. आणि शेकडो बायका कैद झाल्या.

शेकडो बायका रणांगणावर कशा होत्या, हा प्रश्न आपण विचारत नाही. आंबापाणीला फौज होती असे आपण म्हणतो, पण जिथे एवढ्या बायका सापडतात तिथे फौजेबरोबर तिचे सगळे घरदारही असते. एप्रिलचा मध्य म्हणजे सातपुड्यात मोहफुलांच्या अखेरीचे दिवस. पहाटे मोहाखाली टोपल्या घेऊन जायचे, वेचलेली फुले अंगणात वाळवायची आणि पावसाळ्याची बेगमी करायची, हे ते दिवस. त्या वर्षी त्या अंगणांत कोणी नव्हते. पाठीवर पोर आणि डोक्यावर मडकी घेऊन बायका बंडखोरांच्या मागे डोंगरात होत्या, कारण मागे गावात राहणे त्याहून धोक्याचे होते. भीमा नाईकाची आई सुरसी पकडली गेली आणि मंडलेश्वरच्या तुरुंगातच वारली. बायका हातात आल्या की पुरुष फार दिवस डोंगरात राहणार नाहीत, हा हिशेब सरकारला १८२५ पासून ठाऊक होता. तेव्हा नातलगांना सोडून माणसे मिळवली होती, आता नातलगांना डांबून माणसे मोडली. खाज्या आणखी दोन वर्षे टिकला आणि १८६० मध्ये दग्याने मारला गेला. भीमाला अंदमानला पाठवले, तिथेच त्याचा शेवट झाला. दोन्ही वेळा लढाईचा शेवट घरातूनच झाला, एकदा घर वसवून आणि एकदा घर कैद करून. दुसऱ्या तऱ्हेचा शेवट लवकर होतो, आणि पुढच्या तीन पिढ्यांच्या मनात राहतो.

पहिल्या तऱ्हेतही एक मोठे छिद्र होते, ते झाकून चालणार नाही. तगाईने दिलेली जमीन राखण्याची तजवीज कोणी केली नाही. जमीन विकता येत होती, गहाण पडत होती. सावकाराच्या वहीत अंगठा उठला की ती गेली. एकोणिसावे शतक संपेपर्यंत शहादे-तळोद्याच्या काळ्याभोर सपाटीवरचा भिल्ल स्वतःच्या जुन्या शेतात सालदार म्हणून राबू लागला होता. वर्षाच्या बोलीने बांधलेला, आगाऊ उचलीत अडकलेला. बैल दावणीला होते, पण दावण दुसऱ्याची. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीला भुकेल्या आदिवासींवर गोळीबार झाला तेव्हा महाराष्ट्राला शहादे तालुक्याचे नाव कळले. देशात नक्षलबारीचे वारे होते. डोंगर जवळ होता, अन्याय धडधडीत होता, हत्यार उचलायला लागते ते सगळे तिथे होते. तरीही शहाद्याने ती वाट धरली नाही. अंबरसिंग महाराजांसारखा आदिवासी नेता होता, १९७२ च्या जानेवारीत भूमुक्ती मेळावा झाला, श्रमिक संघटना उभी राहिली, गेलेल्या जमिनींचे कागद शोधले गेले. आणि या सगळ्यात बायका पुढे आल्या. गावोगाव फिरून दारूची मडकी फोडली, मारझोड करणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. त्यांनी लढाई घरातच सुरू केली म्हणून ती जंगलात गेली नाही, असे माझे वाचन आहे. १९७४ मध्ये आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा आला, त्यामागे या आंदोलनाचा दाब होता. कायद्याने सगळे परत मिळाले नाही. सातपुड्याच्या पायथ्याची हजारो जोडपी आजही दिवाळीनंतर कोयता घेऊन गुजरातच्या ऊसतोडीला जातात. जमीन एकदा सुटली की ती शंभर वर्षांनीही पूर्ण हाती येत नाही, हे त्या कोयत्यांवरून कळते.

या दोनशे वर्षांच्या अनुभवाशेजारी गडचिरोलीची आजची व्यवस्था ठेवून पाहू. महाराष्ट्राची आत्मसमर्पण योजना ऑगस्ट २००५ पासून चालू आहे आणि तिच्यातून सातशेहून अधिक जण बाहेर आले आहेत. हे काम लहान नाही. शरण आलेल्यांना रक्कम मिळते, नवजीवन वसाहतीत घर मिळते, काहींना सूरजागडच्या लोहखनिजाच्या कामावर नोकरी मिळाली आहे. आणखी एक गोष्ट घडते, जिच्याबद्दल पुरेसे बोलले जात नाही. दलममध्ये लग्नाला परवानगी होती, पण मूल नको म्हणून पुरुषांची नसबंदी केली जाई. बाहेर आल्यावर अनेकांनी ती उलटवणारी शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्यांच्या घरी मुले झाली. माझ्या मते या लढाईच्या शेवटाची खरी बातमी हीच आहे. ज्याला मूल होते त्याने पुढच्या वीस वर्षांचा हिशेब मांडलेला असतो. तगाईच्या, दावणीला बांधलेल्या बैलांचे आजचे रूप तेच.

कमी पडते ते याच्या पुढे. वसाहत म्हणजे गाव नव्हे. वसाहतीत सगळे शेजारी सारखेच, बाहेरून आलेले, एकाच प्रकारे जगाकडे पाहणारे. गावात देव असतो, शीव असते, लग्नकार्यात बसायची जागा असते आणि मुख्य म्हणजे जंगलावर हक्क असतो. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. त्यात दोन तरतुदी आहेत ज्या खानदेशच्या भिल्लांना मिळाल्या असत्या तर कदाचित सालदारकी टळली असती. एक, वनहक्काची जमीन वारसाने मिळते पण विकता येत नाही. दोन, विवाहित असेल तर हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवायचा. कलम ४(४) मध्ये हे स्वच्छ लिहिले आहे. तगाईच्या व्यवस्थेतले छिद्र या कलमाने बुजवले. पण याच कायद्यात एक तारीख आहे, १३ डिसेंबर २००५. त्या दिवसापूर्वी जमीन ताब्यात असलेल्यालाच वैयक्तिक हक्क मिळतो. जी पोरगी २००१ साली पंधरा-सोळाव्या वर्षी दलमबरोबर गेली, तिच्या ताब्यात २००५ मध्ये जमीन कुठून असणार? भावांनी दावा केला असेल तर पट्टा भावांच्या नावावर झाला. ती परत आली तरी कागदावर ती त्या गावची कोणीच नाही. आत्मसमर्पण योजना आणि ही तारीख एकाच वर्षातली आहेत, आणि ती एकमेकींशी बोलत नाहीत. वैयक्तिक पट्टा देता येत नसेल तर सामूहिक वनहक्काची वाट आहे. याच गडचिरोलीत लेखा-मेंढा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून ते गाव स्वतःच्या वाहतूक परवान्याने बांबू विकते. अशा ग्रामसभेच्या यादीत परतलेल्या घराचे नाव घालणे, बांबू-तेंदूच्या उत्पन्नात त्याला वाटा देणे, हे ग्रामसभेच्या संमतीने होऊ शकते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. जिल्हाधिकारी, आदिवासी प्रकल्प कार्यालय आणि पोलीस अधीक्षक यांनी एका टेबलाशी बसून ग्रामसभेकडे जावे लागते, आणि ते शस्त्रे मोजण्यापेक्षा वेळखाऊ काम आहे.

रोख रकमेवरच भागेल असे ज्यांना वाटते त्यांनी नेपाळकडे पाहावे. २००६ मध्ये तिथे शांतता करार झाला, १९ हजारांहून जास्त माओवादी लढवय्ये छावण्यांत नोंदवले गेले, आणि शेवटी सैन्यात घेतले गेले ते सुमारे चौदाशे. बाकीच्यांतल्या बहुतेकांनी पाच ते आठ लाख नेपाळी रुपये घेऊन निवृत्ती पत्करली. त्यांतल्या अनेक बायकांनी संघटनेत असताना जातीबाहेर लग्ने केली होती. त्यांना ना सासर घेत होते, ना माहेर. पैसा घर बांधू शकतो, उंबरा ओलांडायला देऊ शकत नाही.

सगळ्यात कठीण आक्षेप शेवटी घेतो, कारण तो रागाचा आहे आणि त्या रागाला आधार आहे. ज्यांनी मारले त्यांना घर, पैसा, नोकरी, आणि ज्यांचा बाप ‘खबरी’ म्हणून रात्री उठवून नेला त्यांना काय? जांभुळखेड्यात ज्यांचा मुलगा गेला त्यांना काय? हा प्रश्न विचारणाऱ्याला मी गप्प करू पाहत नाही, माझाच मुद्दा तो पुढे नेतो. हिशेब घरांत मांडायचा असेल तर सगळीच घरे त्यात आली पाहिजेत. मारल्या गेलेल्या गावकऱ्याची विधवा, शहीद जवानाची आई, परतलेली दलम सदस्य आणि चकमकीत मेलेल्या मुलाचे म्हातारे आईबाप, ही चार घरे पुष्कळदा एकाच ग्रामसभेत बसतात. आज त्यांच्यासाठी चार वेगळ्या योजना, चार वेगळी खाती आणि चार वेगळे निकष आहेत. त्यामुळे परतलेल्याला मिळाले ते शेजारणीला आपल्या ताटातले काढून दिल्यासारखे वाटते. मदत घराला न देता गावाला दिली, आणि गावाने आपल्या सगळ्या मोडलेल्या घरांत ती ठरवून वाटली, तर मत्सराची धार बोथट होते. खुनाचे खटले चालायचे ते चालोत. क्षमा करायची की नाही हे त्या विधवेचे तिने ठरवायचे आहे, आणि सरकारने ते तिच्या वतीने ठरवू नये. पण तिच्या दाराशी जाऊन तिला विचारले पाहिजे. १८२५ मध्ये ज्या गावांना भिल्लांनी लुटले होते त्या गावांना कोणी विचारले नाही. पाटील आणि भिल्ल यांच्यातला तो न बोललेला राग दीडशे वर्षे साचत गेला, आणि १९७१ मध्ये पाटीलवाडीला तो राग नव्हता असे कोण म्हणेल?

माओवाद ही भुकेची नव्हे तर विचारसरणीची लढाई आहे, तिला बैल आणि पट्टे काय करणार, असेही म्हटले जाते. नेत्यांपुरते ते खरे असू शकते. भूपतीसारखा माणूस तेलंगणातून आला तो पुस्तके वाचून. पण भामरागड-एटापल्लीच्या ज्या पोरापोरींवर दलम उभे राहिले त्यांना तेंदूपत्त्याचा पडका भाव, वनरक्षकाची दादागिरी आणि घरातला अंधार यांतून ती वाट दिसली होती. पुस्तके वाचणारे आता संपत आले आहेत. केंद्र सरकारने लढाई संपवण्यासाठी ३१ मार्च २०२६ ही मुदत जाहीर केली होती. तेंदूचा हंगाम त्यानंतर सुरू होतो, दरवर्षीसारखा.

आंबापाणीच्या नोंदींत इंग्रज अधिकाऱ्यांची नावे आहेत, जखमींचे हुद्दे आहेत, खाज्या आणि भीमा आहेत. कैद झालेल्या शेकडो बायकांतल्या एकीचे, सुरसीचे, नाव आपल्याला कळते, तेही तिच्या मुलामुळे. बाकीच्यांचा फक्त आकडा. त्या कुठल्या पाड्यांच्या होत्या, सुटल्या तेव्हा कुठे गेल्या, त्यांच्या पडक्या घरांना पुन्हा कुडाच्या भिंती कोणी घातल्या, हे कोणी लिहून ठेवले नाही. गडचिरोलीत परतलेल्या घरांची नोंदवही अजून लिहायची आहे. तिच्यात घराचे गाव असावे, जमिनीचा गट नंबर असावा, आणि वनहक्काच्या पट्ट्यावर असतात तशा नावासाठी दोन ओळी असाव्यात.